टोरंटो दिल्लीच्या अलीकडे

आमच्या घरी लांबचा माणूस यायला निघाला की केळीचा घड उतरतो. ‘निघालो’ असा निरोप आला रे आला की आमचे वडील, ज्यांना आम्ही दोघी बहिणी भाऊ म्हणतो, विळा घेऊन बागेत जातात. चांगला भरलेला एक घड बघून कापतात, खांद्यावर टाकून घरी आणतात आणि पुढच्या खोलीत आढ्याच्या लोखंडी आकड्याला दोरीने टांगतात. पाहुणा दारात येतो तोवर घड पिवळा झालेला असतो. पाहुण्याने हातपाय धुतले की पहिलं केळं त्याच घडातलं, त्याने स्वतःच्या हाताने तोडलेलं.

आता कोणी म्हणेल, घड पिकायला आठवडा तरी लागतो आणि आजकाल आठवडाभर प्रवास कोण करतं? आमची माणसं करतात. हैदराबादची मोठी आत्या सुट्टीत माहेरी यायला निघाली की वाटेत परभणीला दिराकडे दोन दिवस, जळगावला नणंदेकडे तीन दिवस, रावेरला कुणाचं तरी बारसं असायचंच, असं करत करत बुऱ्हाणपूरला उतरायची. सरळ येणं तिला अपमानासारखं वाटायचं. तोवर घडाच्या वरच्या फण्यांना ठिपके पडायला लागलेले असायचे.

धाकटी आत्या मात्र नेपानगरला दिलेली. तिचे यजमान कागद कारखान्यात होते. ती सकाळच्या पॅसेंजरने, चांदनीवरून, पदर खोचून यायची आणि संध्याकाळी परत जायची. तिच्यासाठी कधी घड उतरला नाही, तिला जाताना पिशवीतून फणी मिळायची. यावरून ती लटकं रुसायची, पण आतून तिला बरंच वाटायचं. कारण आजोबांचं एक म्हणणं आमच्या घरात कायम होतं: घड पिकेल इतक्या लांब पोरगी देऊ नये. मोठ्या आत्याला हैदराबादला देऊन बसल्यावर त्यांना ते सुचलं होतं. उशिरा सुचलेलं शहाणपण असलं तरी आमच्याकडे ते कायद्यासारखं चाललं.

म्हणून माझं लग्न झालं ते बुऱ्हाणपुरातच, राजपुऱ्यात. तापीकाठच्या आमच्या मळ्यापासून स्कूटीवर पंधरा मिनिटं. माझ्यासाठी घड तर सोडाच, फणीसुद्धा मला स्वतःलाच उतरवून न्यावी लागते.

माझी लहान बहीण मात्र टोरंटोला गेली.

तिने मुलगा स्वतः पसंत केला. मुलगा चांगला, आपल्यातला, पण आईवडील नसलेला आणि नोकरीने तिकडे रुजलेला. आई तेव्हा होती. आईला मुलगा एका नजरेत आवडला. भाऊंनी मुलाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी मला विचारलं, कारण मी शाळेत भूगोल शिकवते.

“मोठे, हे टोरंटो कितीक लांब हाये?”

मी फोनवर बघून सांगितलं. दिल्लीहून विमानाने साधारण साडेअकरा हजार किलोमीटर, तास पंधराएक. कधी थोडे जास्त.

तासांकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. किलोमीटर तेवढे घेतले. भाऊंच्या डोक्यात सगळ्या जगाचं अंतर केळीवरून मोजलेलं. दिल्ली हे त्यांच्या जगाचं शेवटचं टोक, कारण तिथवर आमचा माल जातो. कच्चा घड ट्रकमध्ये भरला की दोन दिवस, फारच खोळंबा झाला तर तीन दिवस, आणि माल दिल्लीच्या मंडीत हिरवागार उतरला पाहिजे. तिथे पोचेतो हिरवा राहतो म्हणून दिल्ली त्यांना परकी वाटत नाही, जरी आयुष्यात ते कधी दिल्लीला गेले नव्हते. त्यांनी बोटांवर हिशोब केला. दिल्ली हजाराच्या आसपास, तिला दोन-तीन दिवस. मग त्याच्या अकरा-बारा पट.

“म्हंजी महिना,” ते म्हणाले. “महिन्यात घड पिकत नही, सडते. दांडाच राह्यते दोरीले.”

मी म्हटलं, “भाऊ, विमान आहे ते, ट्रक नाही. आज बसली की उद्या तिथे.”

“बसनाऱ्याले लवकर वाटते,” ते म्हणाले. “रस्ता कमी होते का?”

मी वर्गात चाळीस पोरांना अक्षांश-रेखांश हिंदीतून समजावते आणि ती माना डोलावतात. भाऊंची मान कधी डोलली नाही. लग्न मात्र त्यांनी हौसेने लावलं, नाचलेसुद्धा. पण पाठवणीच्या वेळी ते गोठ्यात जाऊन उभे राहिले, ते तिची गाडी वळणाआड गेल्यावरच बाहेर आले.

त्यानंतर दीड वर्षांनी बहीण पहिल्यांदा माहेरी आली. आल्या आल्या तिने वर बघितलं. आकडा रिकामा होता.

“भाऊ, माझ्यासाठी घड नाही उतरवला?”

“तुह्या वाटेत सडला असता,” भाऊ म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

ती हसली, पण मला तिचं हसू ठाऊक आहे. आमच्या घरात घड न उतरण्याची दोनच कारणं असतात. एक तर माणूस फार जवळचं, नाहीतर फार लांबचं. ती कुठे बसते हे तिला त्या रिकाम्या आकड्याने सांगितलं होतं. रात्री तिने मला विचारलं, “ताई, मैं इतनी दूर चली गई क्या?” मी म्हटलं, झोप आता.

मधल्या काळात आई गेली. तिच्या आजारपणाच्या दिवसांतच तिकडे बहिणीला दिवस गेले होते, पण मूल राहिलं नाही. आम्ही सगळे दवाखान्यात आईच्या उशाशी होतो. ती तिथे एकटी होती, नवरा होता, पण घरचं असं कोणी नव्हतं. तिने आम्हाला सांगितलंसुद्धा आईचे दिवस झाल्यानंतर. फोनवर सांगितलं, सरळ आवाजात, आणि मग म्हणाली की पलीकडे कुकरची शिटी झाली, ठेवते. मला त्या कुकरचा अजून राग येतो.

म्हणून पुन्हा गोड बातमी आली तेव्हा तिने एकच मागितलं. “ताई, मला काम करायला कोणी नको. इथे सब मशीन है. मला फक्त घरचं माणूस पाहिजे. डिलिव्हरीच्या वेळी दाराबाहेर आपलं कोणीतरी बसलेलं पाहिजे, बस्.”

मी गेलेच असते. पण त्याच सुमारास माझ्या सासूबाई ओट्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं माझ्याच अंगावर. नेपानगरच्या आत्याचे गुडघे पार गेलेले. राहता राहिले भाऊ.

त्यांचा पासपोर्ट काढून झाला, व्हिसाही आला. माणूस हलेना.

मी एका रविवारी मळ्यात गेले. भाऊ बागेत पिलं, म्हणजे केळीचे कोंब, काढत होते. एका खोडाभोवती पाच-सहा पिलं फुटतात, त्यातलं एक ठेवायचं आणि बाकीची छाटायची, नाहीतर कोणालाच बळ मिळत नाही. मी बांधावर बसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“बाळंतपनाले बाप जाते का कुठी?” ते खाली बघूनच म्हणाले. “मले काय येते त्यातलं?”

“तुम्ही म्हशींची केलीत की.”

“म्हैस बुऱ्हानपुरात होती.”

“भाऊ, तिला कोणी काही करायला बोलवत नाहीये. नुसतं बसायचं.”

“नुसतं बसाले मी बारा हजार किलोमीटर जाऊ?” ते विळा पुसत म्हणाले. मग खालच्या आवाजात: “मोठे, इतक्या लांबून मानूस परत येत नही. तुही मोठी आत्या हैद्राबादहून शेवटी माहेरी आली का? तथीच गेली. मीच गेलो तथी, आन् तेही उशिरा. मले भीती वाटते.”

एवढं सरळ ते माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते. मी स्कूटीला किक मारली, कारण बटणाने ती त्या दिवशी सुरू होत नव्हती, आणि वाटभर रडत आले. बहिणीला काय सांगायचं, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात टोरंटोच्या जावयांचा फोन आला. त्यांना कंपनीच्या कामासाठी दिल्लीला यायचं होतं, अगदी थोड्या दिवसांसाठी. आधी बुऱ्हाणपूरला दोन दिवस येऊन मग दिल्लीचं काम आटपून परत जाणार होते. थंडीचे दिवस होते. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात काहीतरी वळवळलं.

“भाऊ,” मी पुन्हा मळ्यात जाऊन म्हटलं, “जावई पहिल्यांदा एकटे येताहेत. घड उतरवायला पाहिजे.”

“सडंल.”

“सडला तर सडला. दुसरा उतरवू. पण लेकीची गोष्ट वेगळी, जावयाला रिकामा आकडा दाखवायचा का? लोक काय म्हणतील?”

जावयाचा मान म्हटल्यावर भाऊ विळ्याला धार लावायला बसले. ‘विमानात बसलो’ असा जावयांचा मेसेज मी फोनवर वाचून दाखवला आणि तेव्हाच, त्याच पावली, ते बागेत गेले. घड मात्र त्यांनी एक नंबरचा निवडला. टांगताना स्वतःशीच पुटपुटले, “फुकट चालला चांगला घड.”

जावई विमानाने दिल्लीला उतरले, तिथून रेल्वेने बुऱ्हाणपूरला, आणि मी त्यांना स्टेशनवरून मळ्यात घेऊन आले. भाऊ दारातच उभे. त्यांनी जावयांचं तोंड बघण्याआधी घडाकडे बघितलं. घड जसा झाडावर होता तसाच होता. कापलेल्या दांड्याचा चीक नुकता कुठे वाळला होता.

भाऊ घडाजवळ गेले. वरच्या फणीतलं एक केळं अंगठ्याने दाबलं. मग मधलं. नाक लावून वास घेतला. मग जावयांकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, “जावईबापू, तुम्ही निघाले कव्हा?”

जावयांनी वार सांगितला.

“नही, तथून. टोरंटोहून.”

“तेच सांगतोय.”

“मधी दिल्लीत राह्यले होते का आधी दोन-चार दिवस?”

जावई बिचारे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, आपल्यावर काहीतरी संशय आहे. त्यांनी खिशातून विमानाच्या तिकिटाचा तुकडा काढला, भाऊंनी तो चष्मा लावून उलटसुलट बघितला आणि मला दिला. मी तारीख वाचून दाखवली. भाऊ उठून पुन्हा घडाजवळ गेले आणि खालच्या फणीतलंही एक केळं दाबून बघितलं.

जेवायला त्या दिवशी कच्च्या केळ्यांची भाजी झाली, कारण पिकलेलं केळं जावयाच्या हाताने तोडायचं तर पिकलेलं केळं होतंच कुठे? पहिलं केळं त्यांनी हिरवंच तोडलं, विळ्याने, आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजवून खाल्लं. दोन दिवस राहिले. भाऊ रोज सकाळी दात घासता घासता घडाला हात लावून बघत. जावई दिल्लीला गेले, तिथलं काम केलं, विमानात बसले, टोरंटोला पोचले, घरी जाऊन झोपले असा फोन आला, आणि त्याच्याही दुसऱ्या दिवशी वरच्या फणीवर कुठेशी पिवळसर झाक दिसायला लागली.

संध्याकाळी भाऊ आपण होऊन राजपुऱ्यात आले. ते सहसा येत नाहीत, लेकीच्या घरी फार बसू नये म्हणतात. सासूबाईंची विचारपूस केली, चहा बशीत ओतून घेतला.

“गेला बी, पोचला बी,” ते म्हणाले. “आन् घड आत्ता पिकू राह्यला.”

“हो.”

“आपला ट्रक दिल्लीले कधी कधी तीन दिवस लावते. जावई दोन दिवसांत टोरंटोहून इथी.” त्यांनी चहा फुंकला. “म्हंजी टोरंटो दिल्लीच्या अलीकडं हाये.”

मी भूगोलाची शिक्षिका आहे. मी म्हटलं, “अगदी बरोबर.”

थंडीत घड उशिरा पिकतो, हे मला माहीत होतं. मी ते बोलले नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की जन्म केळीत घालवलेल्या माणसाला ते माझ्याआधी माहीत असणार. तेही बोलले नाहीत. त्यांना जायचंच होतं, फक्त कोणीतरी रस्ता कमी करून द्यायला हवा होता, आणि माझं बोलणं त्यांना पुरत नव्हतं. घडाचं पुरलं.

एकदा टोरंटो जवळ आलं म्हटल्यावर मग ते इतकं जवळ आलं की मला उलटी काळजी लागली. भाऊंनी एकच पिशवी भरली. दोन धोतरं, दोन सदरे, अळीव, डिंक, सुंठ आणि नेपानगरच्या आत्याने शिवलेली दुपटी. स्वेटर कशाला, म्हणे उन्हाळा येतोच आहे. मधे एकदा येऊन बागेला खत घालून पुन्हा जाता येईल का, असंही त्यांनी विचारलं. मी त्यांना पुन्हा विमानाचं पान उघडून दाखवलं, तेव्हा त्यांच्या नजरेला दुसरंच काही पडलं.

“जातानी पंधरा तास आन् येतानी तेरा-चौदा, असं काहून? रस्ता तर एकच हाये ना?”

मी सांगितलं, वर उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो.

वारा म्हटला की केळीवाला कान टवकारतो. मे महिन्यातली एक वावटळ उभी बाग आडवी करून जाते, म्हणून तर आम्ही बागेच्या कडेला शेवरी लावतो. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “म्हंजी सासरी जातानी वारा तोंडावर, माहेरी येतानी पाठीशी. बरोबर हाये. असंच पाह्यजे.”

हे त्यांनी नंतर गावभर सांगितलं.

माझा नवरा त्यांना दिल्लीपर्यंत सोडायला गेला. रेल्वेने दिल्लीला जायला जवळजवळ तेवढाच वेळ लागला जेवढा पुढे विमानाला लागणार होता, आणि यावरून भाऊंचं मत आणखीच पक्कं झालं. विमानतळावर जावयांनी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, चुकू नयेत म्हणून. ताडमाड उंच, खांद्यावर घड वाहणारे भाऊ चाकाच्या खुर्चीत धोतर सावरून बसले आणि ढकलणाऱ्या माणसाला त्यांनी दोनदा विचारलं की तू दमला असशील तर तू बस, मी ढकलतो. माझ्या नवऱ्याने फोटो पाठवला. खुर्चीत ते एखाद्या वरातीतल्या नवरदेवाइतके अवघडलेले दिसत होते.

‘बसलो’ असा त्यांचा फोन आला, आणि मी मळ्यात जाऊन सालदार गड्याकडून घड उतरवून घेतला. या वेळी तो माझ्या घरी टांगला, राजपुऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी. जाणाऱ्यासाठी घड उतरवायची रीत आमच्याकडे नव्हती. ती मी त्या दिवशी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. बहिणीचं पोट, बहिणीचं रडणं-हसणं, मागे जावई, आणि मधे भाऊ, कानटोपीत.

“घड दाखव,” ते म्हणाले. ना कशी आहेस, ना पोचलो.

मी फोन घडाकडे धरला. हिरवागार.

“पाह्य लहाने,” ते तिला म्हणाले, “मी काय म्हनत होतो?” आणि माझी बहीण त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून इतकी रडली की जावयांनी कॉल बंद केला.

बाळ एप्रिलमध्ये झालं. मुलगी. दवाखान्यात दाराबाहेर खुर्चीवर भाऊ बसले होते, धोतर, वर जावयांचा जाड कोट, आणि मांडीवर आत्याची दुपटी. नुसते बसले होते, तेच त्यांचं काम होतं. नर्सने बाळ बाहेर आणून जावयांकडे दिलं आणि जावयांनी ते थेट त्यांच्या हातात ठेवलं. बहीण मला नंतर म्हणाली, “ताई, आतून मला भाऊंचा खोकला ऐकू येत होता. मतलब पूरा टाइम. मला दुसरं काही नकोच होतं.” तिच्या आवाजाला या वेळी कुठल्या कुकरची घाई नव्हती.

तिकडचे किस्से मग रोज यायला लागले. अळिवाची खीर मी फोनवरून सांगायची आणि भाऊ ढवळायचे. बाळाला न्हाऊ घालायला त्यांना घाबरायला होई, पण टाळू भरायला ते बसत. सगळ्यात मोठा किस्सा दुकानाचा. पहिल्यांदा मोठ्या दुकानात नेलं तेव्हा ते केळ्यांसमोर थबकले ते हलेनात. एकेक फणी उचलून देठ बघितला, दाबलं, वास घेतला. केळ्यावर चिकटवलेलं देशाचं नाव बहिणीकडून वाचून घेतलं, ते कुठे आहे विचारलं, आणि समुद्रातून येतं म्हटल्यावर म्हणाले, “मंग यानं बी हिरवंच निघाले पाह्यजे.” फण्यांत सगळ्यात हिरवी कोणती, दोन दिवसांत पिकणारी कोणती आणि आठवडा काढणारी कोणती, हे त्यांनी लेकीला तिथेच, गर्दीत उभं राहून शिकवलं. चव मात्र आपल्या केळ्याची नाही, हे सांगायला ते विसरले नाहीत.

इकडे माझ्या घरचा घड उन्हाळ्याने भराभर पिकला. एवढी केळी आम्ही किती खाणार? गल्लीत वाटली. शेवटच्या फणीपाशी आल्यावर मला एकदम वाईट वाटलं. घड फक्त माणूस पोचेपर्यंतचं सांगतो. तो तिथे राहिला की इकडे कसं वाटतं, ते त्याला सांगता येत नाही. मी मळ्यात जाऊन यायची, सालदाराशी बोलायची, पिलं काढलीत का बघायची, आणि भाऊंच्या खाटेवर थोडं बसून परत यायची. त्यांना पाठवायला मीच जीव काढला होता, आणि आता मलाच करमत नव्हतं.

सहा महिने संपत आले तशी बहीण कमी बोलायला लागली. फोनवर म्हणायची, भाऊ सारखे कॅलेंडर बघतात. भाऊ म्हणायचे, लहानी सारखी कॅलेंडर बघते. विमानतळावर सोडताना ती आत जाऊ देईना. भाऊंनी तिला सांगितलं, येताना वारा पाठीशी आहे, लवकर पोचतो. ती म्हणाली, मला तेच तर नकोय.

भाऊ आले. मीच त्यांना स्टेशनवरून आणलं. अंगाने भरले होते, गोरे झाले होते, आणि चालत असतानाही मधेच हात कुशीत बाळ असल्यासारखा वाकडा धरत होते. मळ्यात शिरल्याबरोबर त्यांनी बाग बघितली नाही, आधी वर आकड्याकडे बघितलं. मी घड उतरवला होता. हिरवा होता. त्यांनी हसून मान हलवली, पण बसले ते खांदे पाडूनच. मला कळत होतं. इथला हिरवा घड आता त्यांना पुरत नव्हता, त्यांचं लक्ष तिकडे लागलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. बहीण. तिने आधी कॅमेरा फिरवला. तिच्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या मुठीला, बाळाच्या टोपड्याच्या नाडीने एक केळ्यांची फणी टांगलेली होती. दुकानातली, चिकटवलेल्या देशाच्या नावासकट.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुम्ही गेटच्या आत गेलात ना, तेव्हाच आणली. तुम्ही शिकवलं तशी, सगळ्यात हिरवी बघून. घरी येऊन टांगली.” तिने कॅमेरा फणीच्या अजून जवळ नेला. “पोचलात का?”

“पोचलो.”

“मग बघा. हिरवी आहे अजून.”

भाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. फणी त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितली, आमच्या बागेतला घड बघतात तशी. मागून बाळाचा आवाज येत होता. पुढच्या महिन्यात तिचं उष्टावण होतं.

“ही खाऊन टाक पिकली की,” ते म्हणाले. “पोरीच्या उष्टावनाले नवी आन. अशीच, पाहून. आन् पिकली की थोडी तिच्या ओठाले लाव.”

“हो.”

“आपलं म्हनून लाव.”

“हो भाऊ.”

फोन ठेवून ते आमच्या आकड्याखाली बसले. मी चहा आणला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला, आणि डोळे पुसून मला म्हणाले, “मोठे, जवळच दिली नही का आपन लहानीले?”